घरासाठी ठेकेदार कसा निवडायचा: सातारा-सांगलीत पहिल्यांदा बांधकाम काढणाऱ्यांसाठी

बांधकाम काढलं म्हटलं की भेटेल तो विचारतो, "फुटाला काय रेट ठरला?" हा प्रश्न विचारायचाच आहे, पण सगळ्यात शेवटी. एकाने १,९०० सांगितले आणि दुसऱ्याने २,०५० सांगितले, तर पहिला स्वस्त असं त्यावरून ठरत नाही. का, त्याचा हिशेब पायरी ६ मध्ये मांडला आहे. हा लेख हजार ते दोन हजार फुटांचं स्वतःचं घर बांधणाऱ्यांसाठी आहे. सोसायटीची इमारत किंवा सरकारी निविदा यांचे नियम वेगळे.

१. ठेकेदार शोधायच्या आधी स्वतःचे कागद पूर्ण करा

नकाशा अर्धवट असेल तर दरही अर्धवटच मिळतो. मग उरलेलं सगळं "जादा काम" म्हणून बिलात येतं. हातात हे हवं:

- सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि, लागत असेल तर, बिगरशेतीचा आदेश. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर नियमितीकरणाचा दाखला.
- मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी.
- आर्किटेक्टचे कामाचे नकाशे: दारं-खिडक्यांची मापं, जिना, संडास-बाथरूमची पातळी, वायरिंगचे पॉइंट.
- आरसीसी (सळई घालून केलेलं काँक्रीट) कन्सल्टंटचं डिझाइन, सळईच्या तक्त्यासह.
- माती परीक्षणाचा अहवाल. छोट्या घराला तो नको वाटत असेल तर निदान कन्सल्टंटला प्लॉटवर आणून दोन चाचणी खड्डे दाखवा.
- बाबनिहाय अंदाजपत्रक: खोदाई किती, काँक्रीट किती, सळई किती किलो, वीटकाम किती, गिलावा किती.

आरसीसी डिझाइनचे पैसे वाचवायचा मोह अनेकांना होतो. "आपण नेहमी बारा एमएमच्या चार सळ्या टाकतो" असं सांगणारा मुकादम त्याच्या सवयीने बोलत असतो, तुमच्या मातीचा विचार करून नव्हे. सातारा-पाटण-कराड पट्ट्याला १९६७ चा कोयनेचा भूकंप ठाऊक आहे. इथे भूकंपाचा भार धरून केलेलं डिझाइन हवंच.

मातीचं म्हणाल तर, मिरज, तासगाव, पलूस या बाजूला काळी माती खोल जाते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरवरचा पाया उचलून टाकते. साताऱ्यात डोंगराच्या कडेला अनेक प्लॉटवर थोड्या खोलीवरच मुरूम किंवा खडक लागतो आणि ब्रेकर आणावा लागतो. दोन्हीकडे खर्च अंदाजाबाहेर जातो. म्हणून खोदाईचा दर माती, मुरूम आणि खडक असा तीन भागांत मागायचा. जोत्यात भरायचा मुरूम बाहेरून आणायचा की खोदलेली काळी मातीच परत टाकायची, हेही आधीच लिहून घ्या. काळी माती भरली की दोन-तीन पावसाळ्यांत फरशी खचते.

सांगलीत नदीच्या बाजूला प्लॉट असेल तर महापालिकेत पूररेषा पाहून मगच जोत्याची उंची ठरवा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. जोतं दोन फूट वाढलं की भराव, दगडकाम आणि पायऱ्या सगळंच वाढतं. हे दर घेण्याआधी नक्की व्हायला हवं.

२. कंत्राटाचा प्रकार ठरवा

*मजुरीवर.* सामान तुमचं, काम त्यांचं. गावात राहून रोज साइटवर दोन तास देऊ शकणाऱ्यांना परवडतं. नोकरी पुण्या-मुंबईत असेल तर या वाटेला जाऊ नका. सिमेंट संपलं, सळई आली नाही, म्हणून गडी बसून राहिले की त्यांची हजेरी तुमच्या माथी. सामानाची नासाडीही तुमचीच. एकाच स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरी कंत्राटाला जीएसटी लागत नाही, हा एक फायदा.

*सामानासह, फुटावर.* सगळ्यात जास्त चालणारा आणि सगळ्यात जास्त भांडणं होणारा प्रकार. वाईट नाही, पण सोबत सामानाची यादी हवी, म्हणजे कोणत्या दर्जाचं सिमेंट, कोणती सळई, फरशी किती रुपये फुटाची, नळ किती रुपयांचा. "ब्रँडेड सामान" या शब्दाला करारात काही अर्थ नसतो. जीएसटी नोंदणी असलेला ठेकेदार सामानासहच्या कामावर १८ टक्के लावतो. दर करासह की करावेगळा, हे पहिल्याच भेटीत विचारा.

*बाबनिहाय.* खोदाई घनमीटरवर, काँक्रीट घनमीटरवर, सळई किलोवर, गिलावा चौरस मीटरवर. जेवढं झालं तेवढंच मोजून बिल. यात चलाखीला सगळ्यात कमी जागा असते, पण मोजमाप घेणारा माणूस तुमच्या बाजूने हवा. आर्किटेक्टला किंवा एखाद्या डिप्लोमा इंजिनिअरला ठरावीक मानधन देऊन नेमता येत असेल तर आमचं मत याच प्रकाराला.

३. नावं जमवा, फोनवरच अर्धी गाळा

सहा-सात नावं पुरेत. आर्किटेक्टने सुचवलेलं नाव घ्या, पण फक्त तेच नको. खडी क्रशर आणि सिमेंटच्या दुकानातून आणखी नावं मिळतील. फोनवर एवढंच विचारा:

- सध्या किती साइट चालू आहेत, कुठे कुठे?
- त्यातली कुठली या आठवड्यात बघता येईल?
- सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) प्लेटा, मिक्सर, व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) स्वतःचे की भाड्याचे?
- साइटवर रोज कोण उभं राहणार? तुम्ही, सुपरवायझर की गवंड्यांचा मुकादम?
- गडी कुठले?

शेवटचा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल, पण काम कधी थांबणार ते त्यातून कळतं. गडी विजापूरकडचे असतील तर सणाला आणि पेरणीला गावी जातात. स्थानिक असतील तर जत्रा आणि लग्नसराई. उत्तरेकडच्या सेंट्रिंग टोळ्या गेल्या की महिनाभर येत नाहीत. ठेकेदार प्रामाणिक असेल तर हे आधीच सांगतो आणि वेळापत्रकात धरतो. "आपल्याकडे सुट्टी नसतेच" असं म्हणणाऱ्याचं नाव खोडा. चालू साइट दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याचंही.

४. चालू काम बघा, न सांगता

रंग दिलेलं नवं घर बघून काही कळत नाही. गिलाव्याखाली सगळं झाकलं जातं. पत्ता मिळाला की एक फेरी ठेकेदारासोबत मारा आणि एक त्याला न कळवता, शक्यतो सळई बांधून झालेली पण स्लॅब अजून पडायचा आहे अशा दिवशी. सोबत मोजपट्टी न्या.

- *कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखाली ठेवायचे ठोकळे.* सळई फळीला टेकलेली नसावी. स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४० आणि फूटिंगला (कॉलमच्या पायाला) ५० मिमी काँक्रीटचं आवरण लागतं. खडीचे तुकडे किंवा विटेचे खापरे सारले असतील तर पुढच्या साइटवरही तेच होणार, म्हणजे तुमच्याही.
- *रिंगांची टोकं.* कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगेचं टोक काटकोनात वळवून सोडलेलं नसावं. ते १३५ अंशात आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळलेलं हवं. भूकंपात काटकोनी टोक उघडतं आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. बीम-कॉलमच्या जोडाजवळ रिंगा दाट असाव्यात. सगळीकडे सारख्याच अंतरावर दिसल्या तर ड्रॉइंग मागून ताडून बघा.
- *पाण्याचं माप.* मिक्सरवर बादलीने मोजून पाणी टाकतात की पाइप सोडून देतात? स्लॅब "सहज पसरावा" म्हणून पाणी वाढवणं ही आपल्याकडची सगळ्यात सार्वत्रिक खोड. ताकद तिथेच जाते.
- *व्हायब्रेटर.* स्लॅबच्या दिवशी एक चालू आणि एक राखीव. एकच असेल आणि तो बंद पडला तर दांड्याने खुपसत बसतात. फळ्या काढल्यावर कॉलमच्या बुडाशी खडी उघडी पडलेली दिसली तर कारण हेच. अशा जागेवर घाईने सिमेंट फासलेलं दिसलं की समजा, लपवायची सवय आहे.
- *पाणी मारणं.* साध्या ओपीसी सिमेंटला निदान सात दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला दहा. स्लॅबवर आळी केलेली आणि कॉलमला ओलं पोतं गुंडाळलेलं दिसायला हवं. दुपारी दोनला जा. सकाळी सगळेच पाणी मारतात.
- *टेकू.* साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे चौदा, त्यापुढे एकवीस. प्लेटा भाड्याच्या असल्या की दुसऱ्या साइटची घाई लागते आणि टेकू लवकर निघतात. म्हणून तो फोनवरचा प्रश्न.
- *सिमेंटचा साठा.* पोती फळ्यांवर, भिंतीपासून सुटी, वर ताडपत्री. पोत्यावर निर्मितीचा आठवडा छापलेला असतो. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट तपासणीशिवाय आरसीसीला वापरू नये.

सळईचं वजन करायला कोणी ना म्हणत नाही, फक्त कोणी करत नाही. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई १०.६६ किलो भरायला हवी. दहाच्या खाली गेली तर ती हलकी आहे. इतर मापांसाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते निघतं.

मुकादमाला सहज एक प्रश्न टाका: "हजार फुटांच्या पाच इंची स्लॅबला एम-२० मध्ये सिमेंट किती पोती लागतं?" एम-२० ही काँक्रीटची प्रत. घनमीटरला आठ पोती धरली तर उत्तर ९५ च्या आसपास येतं, बीम वेगळे. "साठ-पासष्टमध्ये बसवू" असं उत्तर आलं तर तो कुठे वाचवणार ते कळलं.

क्षारपड भागात बोअरचं किंवा विहिरीचं पाणी बांधकामाला चालेलच असं नाही. आरसीसीसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं आणि पीएच ६ च्या खाली नको. जास्त क्षाराने सळई आतून गंजते आणि काही वर्षांत स्लॅबची पापुद्री पडू लागते. ठेकेदाराने पाणी कधी तपासून घेतलं आहे का, हे विचारा. पाणी आणि काँक्रीटचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) तपासून घ्यायची सोय अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत मिळते. सांगलीकरांनी वालचंदमध्ये आणि साताऱ्याच्या दक्षिणेकडच्यांनी कराडच्या शासकीय महाविद्यालयात आधी चौकशी करावी.

५. दोन पावसाळे बघितलेलं घर आणि दुकानातली उधारी

ठेकेदाराचं दोन-तीन वर्षांपूर्वीचं एक घर बघा. गच्चीखालच्या खोलीच्या छताचे कोपरे, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीची ओल, बीम आणि विटांच्या सांध्यावरून गेलेली आडवी भेग, खिडकीखालचे ओघळ, आणि जोत्याभोवतीची फरशी भिंतीपासून सुटली आहे का. एवढं दहा मिनिटांत होतं. जिना चढताना पायऱ्यांची उंची मोजा. एक सात इंच आणि एक सहा असेल तर लाइनदोरीला बसणारे गवंडी नव्हेत.

घरमालकाला "काम कसं केलं?" विचारलं तर "बरं केलं" असंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा: जादा कामाचं बिल किती आलं? काम एकूण किती दिवस बंद होतं आणि का? शेवटचा हप्ता दिल्यावर गळती काढायला तो आला का? तिसऱ्या प्रश्नावर माणसं मोकळी होतात.

नंतर सिमेंट-स्टीलच्या दुकानात आणि क्रशरवर जा. ठेकेदाराची उधारी किती थकली आहे, हे तिथे बोलताबोलता कळतं. तुमच्या हप्त्यातून तो मागच्या साइटची बाकी भागवत असेल तर तुमचं काम कधीतरी अडणारच. वर व्यापारी वसुलीला तुमच्या दारात येतो, तो भाग वेगळा.

६. दर एका मापावर आणा

तिघांकडून लेखी दर घ्या, तिघांनाही तेच नकाशे आणि तेच अंदाजपत्रक देऊन. आता सुरुवातीचा हिशेब. आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, बाजारभाव म्हणून धरू नका.

पहिला ठेकेदार: १,९०० रुपये फूट. तो पोर्च, बाल्कनी, जिना सगळं पूर्ण धरून स्लॅबचं क्षेत्र मोजतो, १,२६० फूट. एकूण २३,९४,०००.

दुसरा: २,०५० रुपये फूट. तो फक्त भिंतीआतलं बांधीव क्षेत्र मोजतो, १,०८० फूट. एकूण २२,१४,०००.

दर जास्त असलेला दुसरा १,८०,००० ने स्वस्त निघाला. पण थांबा. पहिल्याच्या दरात जमिनीतली टाकी आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग आहे, दुसऱ्याच्या नाही. त्याचे १,५०,००० धरले तर दुसऱ्याचे २३,६४,००० होतात. फरक उरला तीस हजारांचा, आणि तेवढा तर नळांच्या दर्जातही जातो.

हमखास बाहेर राहणाऱ्या बाबी अशा. तिघांच्याही दरात "आहे/नाही" लिहून घ्या: कंपाउंड आणि गेट, पाण्याच्या टाक्या, सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजची जोडणी, वॉटरप्रूफिंग, जोत्याचा भराव, लॉफ्ट, किचन ओटा, गच्चीचा कठडा, वायरिंगचे पॉइंट ठरल्यापेक्षा वाढल्यास दर, तात्पुरती वीज, पाणी आणि रॅबिट (बांधकामाचा कचरा) उचलणं. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला पाण्याचा टँकर कोणाचा हे विसरू नका. उन्हाळ्यात क्युरिंगला (काँक्रीटवर पाणी मारायला) टँकर लागतो आणि ज्याच्या खिशातून तो जातो, तो पाणी कमी मारतो.

तुमच्या अंदाजपत्रकापेक्षा कोणाचा आकडा १५-२० टक्क्यांनी खाली असेल तर खूश होऊ नका. त्याला बसवून बाबनिहाय फोड मागा. एखादी बाब तो विसरला असेल तर मध्येच काम सोडेल. विसरला नसेल तर सळईत किंवा सिमेंटमध्ये काढेल.

७. गुण द्या, मग ठरवा

शंभरपैकी आमची वाटणी: चालू कामाचा दर्जा ३५, जुन्या घरमालकांचं मत २०, किंमत २०, साइटवर रोज उभं राहणारा माणूस १५, पैशाची ताकद आणि बाजारातली पत १०. किंमतीला वीसच गुण का? पायरी ६ नंतर तिघांचे आकडे जवळ आलेले असतात. नात्यातला किंवा भावकीतला ठेकेदार असेल तर त्यालाही याच तक्त्यात बसवा. त्याच्याशी बिलावरून बोलणं अवघड जातं, हा मुद्दा वजा बाजूला धरा.

८. करार

मुद्रांक शुल्क रकमेवर अवलंबून असतं. दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. ठेकेदाराकडून पॅन, आधार, जीएसटी क्रमांक (असल्यास) आणि बँक खात्याचा तपशील घ्या. करारात एवढं तरी हवं:

- नकाशांचे क्रमांक आणि तारखा, सामानाची यादी, पायरी ६ चा "आहे/नाही" तक्ता. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या.
- क्षेत्र कसं मोजायचं ते एका वाक्यात. बाल्कनी पूर्ण की निम्मी?
- जादा काम लेखी दर ठरल्याशिवाय सुरू होणार नाही. व्हॉट्सअॅपवरचा "ओके" चालेल, पण तोही हवा.
- सिमेंट-सळईचा भाव वाढला तर कोण सोसणार आणि किती टक्क्यांपुढे.
- मुदत, पावसाळ्याचे दिवस वगळून. जावळी-पाटणकडे जून ते सप्टेंबर बाहेरचं काम धरूच नका.
- स्लॅबआधी कन्सल्टंटने सळई तपासून सही केल्याशिवाय काँक्रीट नाही. प्रत्येक स्लॅबचे क्यूब, २८ दिवसांच्या निकालासह.
- मजुरांचा अपघात विमा ठेकेदाराचा. हे कलम लोक लाजेने टाळतात.
- काम सोडल्यास हिशेब कोण मोजणार. आर्किटेक्टचं नाव घाला.

बांधकाम कामगार कल्याण उपकर लागू असेल तर तो बांधकाम खर्चाच्या एक टक्का असतो. परवानगी देताना स्थानिक संस्थेने तो तुमच्याकडून भरून घेतला असेल तर ठेकेदाराच्या बिलात तो पुन्हा येऊ देऊ नका.

९. हप्ते

पैसा कामाच्या मागे राहिला पाहिजे. सामानासहच्या एकमजली घराला अशी वाटणी जमते: सुरुवातीला ५ टक्के, जोतं झाल्यावर १५, स्लॅबला २५, वीटकामाला १५, गिलाव्याला १५, फरशी-प्लंबिंग-वायरिंगला १५, रंग आणि ताब्याला ५, रोखीव (शेवटी राखून ठेवायची रक्कम) ५.

स्लॅबचे २५ एकदम देऊ नका. निम्मे काँक्रीट पडल्यावर आणि निम्मे टेकू काढून खालून बघितल्यावर. "सळई महाग होणार आहे, सगळी आत्ताच घेऊन टाकू" म्हणून मोठी उचल मागितली तर रक्कम परस्पर दुकानदाराच्या खात्यात भरा, बिल तुमच्या नावाने घ्या आणि माल तुमच्या प्लॉटवर उतरवा. रोख व्यवहार टाळा. द्यावाच लागला तर वहीत तारखेसह सही.

जोतं झालं की पुढे जाण्याआधी जोते तपासणीचा दाखला घ्या. हद्दीपासून सोडायचं अंतर चुकलेलं असेल तर ते या टप्प्यावरच दुरुस्त होतं. नंतर भोगवटा प्रमाणपत्र अडतं.

रोखीव पाच टक्के एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत द्यायचे नाहीत. ताबा मे महिन्यात मिळाला तर ऑक्टोबरमध्ये गच्ची, बाथरूम आणि खिडक्या बघून. ताबा नोव्हेंबरमध्ये मिळाला तर पुढचा ऑक्टोबर. ठेकेदार कुरकुर करतो, म्हणून तारीख करारात आकड्यात घाला. "काम समाधानकारक झाल्यावर" असं मोघम लिहिलं की त्यावरून दोघांचं भांडण ठरलेलंच.